डाव्या बाजूचा मागोवा

महामार्गावरच्या एका बर्गरच्या दुकानात आम्ही चौघे थांबलो होतो. काउंटरवरच्या मुलानं ट्रेमध्ये फ्राइजच्या दोन मोठ्या पाकिटांशेजारी सॉसच्या दोन पुड्या ठेवल्या. आणखी दोन मागितल्या, तर त्यानं समोरच्या पडद्याकडे बघितलं. "एका ऑर्डरला दोनच देतो आम्ही, काका." पैसे घे म्हटलं, तर पुडीचे पैसे घ्यायची सोय त्या यंत्रात नव्हती. मुलगा उद्धट नव्हता. विशी-बाविशीचा, दमलेला, समोर रांग वाढत चाललेली. आत विचारून येतो म्हणाला, गेला आणि हात हलवत परत आला. टेबलावर येऊन पुडी दातानं फाडली. आत जे होतं ते लाल होतं, गोड होतं आणि पातळ होतं. टोमॅटोची चव शोधावी लागत होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या मुलाच्या हातात आठ ग्रॅम सॉसचासुद्धा अधिकार नव्हता. सॉस वाईट होता ही माझी एक तक्रार आणि द्यायला माणूस समोर असून त्याला देता येत नव्हतं ही दुसरी. या दोन तक्रारी मला आता वेगळ्या वाटत नाहीत. त्यांचं मूळ एकच असावं असं वाटू लागलं, म्हणून ते शोधत मी मागे मागे जात राहिलो.

आपल्याकडे या जिनसांची जागा ठरलेली आहे: पानाची डावी बाजू. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. पान वाढायला सुरुवात तिथूनच होते. भात-वरण, भाजी, पोळी हे पोट भरायला. डावी बाजू तोंडी लावायला. तिचं माप वाढणाऱ्याला ठरवता येत नाही, ते जेवणाऱ्याच्या जिभेवर सोडलेलं असतं. म्हणून तर पंगतीत चटणीवाला पुन्हा पुन्हा फिरतो. एकाला बोटभर पुरते, दुसऱ्याला तीनदा लागते, आणि कुणाला काय लागतं हे चांगल्या वाढप्याला पहिल्या फेरीतच कळतं. डावी बाजू म्हणजे पदार्थ आणि वाढणं या दोन्हींचा मिळून झालेला एक व्यवहार आहे. झटपट खाण्याच्या दुकानांनी हा व्यवहार कसा मोडला, हे पाहायचं तर त्यांच्या डाव्या बाजूचा, म्हणजे केचपचा, प्रवास पाहावा लागतो.

हा प्रवास टोमॅटोपासून सुरू होत नाही. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, फुजियानकडच्या होक्किएन बोलीत, खारवून मुरवलेल्या माशांच्या रसाला 'के-चियाप'सारखा शब्द होता. व्यापाऱ्यांबरोबर तो आग्नेय आशियात पसरला. इंडोनेशियात सोया सॉसला आजही 'केचाप' म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज व्यापाऱ्यांनी ही चव आणि हा शब्द घरी नेला. १७२७ साली एलायझा स्मिथ यांच्या पाकपुस्तकात आलेल्या केचपमध्ये आपल्या मांदेलीच्या जातीचे खारवलेले मासे आहेत, टोमॅटो नाही. पुढे शंभर वर्षं इंग्रजांनी आळंब्यांचं, अक्रोडाचं, कालवांचं केचप केलं. टोमॅटोच्या केचपची पहिली छापील कृती १८१२ सालची, फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ या डॉक्टरांची. टोमॅटो हे मुळात अमेरिका खंडाचं फळ. पोर्तुगीजांमार्फत ते आपल्याकडे आलं आणि वऱ्हाडात भेदरं झालं. भेदराच्या चटणीत साखर नसते. जुन्या केचपांनाही आजचा गोडवा नव्हता. तो कसा आला ही या सगळ्या गोष्टीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डबाबंद टोमॅटोचे कारखाने निघाले. सालं, देठाकडचे भाग, हिरवी राहिलेली फळं असा तिथला टाकाऊ माल पिंपांत साठवायचा आणि त्याचंच केचप करायचं, ही रीत होती. तो माल आंबायचा. तो टिकावा म्हणून औषधं घालायची, लाल दिसावा म्हणून डांबरापासून केलेले रंग. गिऱ्हाइकाला बाटलीच्या आत काय आहे हे कळायला मार्ग नव्हता.

हेन्री हाइन्झ यांचं नाव इथे येतं. १८६९ साली पिट्सबर्गजवळ त्यांनी धंदा सुरू केला तो केचपचा नव्हता. हॉर्सरॅडिश नावाचं मोहरीसारखं नाकात झिणझिण्या आणणारं मूळ किसून ते बाटलीत भरून विकायचे. इतर विक्रेते रंगीत काचेच्या बाटल्या वापरत, म्हणजे आतली भेसळ दिसू नये. हाइन्झ यांनी स्वच्छ, आरपार दिसणारी काच वापरली. १८७५ साली त्यांचं दिवाळं निघालं. १८७६ साली ते पुन्हा उभे राहिले आणि टोमॅटोचं केचप बाजारात आणलं, तेही पारदर्शक बाटलीतच. माल गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपल्या हातात येणारी पुडी कुठल्याही कोनातून आरपार दिसत नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

मग आला औषधांचा वाद. अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ साली तरुण स्वयंसेवकांची एक तुकडी जमवली आणि त्यांना जेवणातून टिकाऊपणासाठी वापरली जाणारी रसायनं, बोरॅक्सपासून बेन्झोएटपर्यंत, मोजून द्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी या तुकडीला 'विषाची पलटण' अशा अर्थाचं नाव दिलं. १९०६ साली शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा झाला. बहुतेक केचपवाले म्हणत होते की सोडियम बेन्झोएटशिवाय केचप टिकूच शकत नाही. हाइन्झच्या कारखान्यानं ते टिकवून दाखवलं. उपाय तीन होते: पूर्ण पिकलेले टोमॅटो, अधिक व्हिनेगर आणि अधिक साखर. पिकलेल्या टोमॅटोत पेक्टिन भरपूर, त्यानं दाटपणा आला. व्हिनेगर आणि साखरेनं टिकाऊपणा. आजच्या केचपचा दाटपणा आणि गोडवा असा एका प्रामाणिक सुधारणेतून आला आहे. औषध काढायचं तर साखर वाढवावी लागली. कारखाना म्हणजे ऱ्हास असं सरसकट म्हणणं मला पटत नाही ते या उदाहरणामुळे. इथे कारखान्यानं चव सुधारली, आणि सुधारली ती आतला माल अधिक चांगला घालून.

याच बेन्झोएटची एक आठवण माझ्या घरातली आहे. हंगामात टोमॅटो स्वस्त झाले की आई सॉस करायची. टोमॅटो शिजवून गाळायचे, कांदा, लसूण, लवंग, दालचिनी यांची पुरचुंडी त्यात सोडायची, रस आटत आला की साखर, मीठ, तिखट, शेवटी व्हिनेगर. आणि चमच्यात थोडासा सॉस घेऊन त्यात चिमूटभर सोडियम बेन्झोएट विरघळवून ते पातेल्यात परत ओतायचं. केमिस्टकडून आणलेली ती पांढरी पूड कितीतरी मराठी घरांतल्या फडताळात असायची आणि तिचं प्रमाण पाककृतींच्या वहीत लिहिलेलं असायचं. बेन्झोएट मर्यादेत वापरलं तर चालतं, आपला कायदाही ते मान्य करतो. पण आई ते घालताना जितकी सावध असायची, तितकं सावध मी दुसऱ्या कशाबाबत तिला पाहिलं नाही. त्या बाटल्यांवर ती तारीख लिहायची. सॉस संपत आला की पाणी घालून तो वाढवायचा नाही, हा तिचा नियम होता. पुरला नाही तर नाही.

आता वाढण्याकडे येतो, कारण दुकानातली डावी बाजू बदलली ती तिथे.

१९०२ साली फिलाडेल्फियात हॉर्न आणि हार्डार्ट यांनी 'ऑटोमॅट' सुरू केलं, १९१२ मध्ये न्यूयॉर्कला. भिंतभर काचेची छोटी कपाटं, प्रत्येकात एक पदार्थ. खाचेत पाच सेंटचं नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, दार उघडून बशी घ्यायची. वाढपी नाहीच. पण टेबलांवर केचपच्या बाटल्या असायच्या आणि त्या किती वापरायच्या याला मोजदाद नव्हती. महामंदीच्या वर्षांत खिशात पैसे नसलेली माणसं तिथे यायची, चहासाठी ठेवलेलं गरम पाणी कपात घ्यायची, त्यात केचप घालून ढवळायची आणि ते टोमॅटो सूप म्हणून प्यायची. यंत्रांनी भरलेल्या त्या दुकानात डावी बाजू मोकळी होती, म्हणून उपाशी माणसाला तिथे बसता आलं.

आणि दर्जा? वीस मिनिटांहून जुनी झालेली कॉफी ओतून द्यायची असा तिथला नियम होता. मालकमंडळी रोज एका टेबलाभोवती बसून त्या दिवशीचे पदार्थ स्वतः चाखत. पुण्यात मिसळीबरोबर मिळणाऱ्या जादा रश्श्याला 'सँपल' म्हणतात. ऑटोमॅटच्या मालकांचं ते चाखायचं टेबलही 'सँपल टेबल' म्हणूनच ओळखलं जायचं. माणूस दिसत नसला तरी कुणीतरी मागे राहून चव बघत होतं. १९५० साली कॉफी पाच सेंटांची दहा झाली आणि गिऱ्हाईक तुटायला लागलं. शहरातली माणसं उपनगरांत गेली, खर्च वाढले, मग पदार्थांत काटकसर सुरू झाली. सत्तरच्या दशकात याच कंपनीनं आपल्या काही जागांवर बर्गर किंगची दुकानं थाटली. शेवटचं ऑटोमॅट १९९१ साली बंद झालं.

त्याआधीच कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड या भावांचं तिथे चालतं दुकान होतं. गाड्यांपाशी जाऊन वाढणाऱ्या वीस मुली, चिनीमातीच्या बशा, पंचवीसेक पदार्थ. १९४८ च्या शरद ऋतूत त्यांनी ते तीन महिने बंद ठेवलं. मुलींना काढलं, बशा आणि काटे-चमचे काढले, पदार्थ नऊवर आणले. हॅम्बर्गरचा भाव तीसवरून पंधरा सेंट केला. आणि डाव्या बाजूचं काय केलं? ती बर्गरच्या आत बंद केली. प्रत्येक बर्गरमध्ये केचप, मोहरी, कांदा आणि काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या, सगळ्यांना सारखंच. कुणाला कांदा नको असेल तर त्याला थांबावं लागेल. एड टोमन नावाच्या स्थानिक कारागिरानं त्यांना स्टीलचा एक पंप करून दिला. एकदा दाबला की ठरलेल्या मापाचं केचप पावावर पडायचं, कमी नाही की जास्त नाही. त्यानंच एक फिरतं तबकही केलं, ज्यावर चोवीस पाव एकदम मांडता येत.

माझ्या मते मूळ इथे आहे. भावांचा हेतू वाईट नव्हता. पंधरा सेंटांत कामगाराचं कुटुंब बाहेर खाऊ लागलं, ही लहान गोष्ट नाही. पंपातून पडणारं केचपही चांगलंच होतं. पण पंप आल्यावर एक प्रश्न विचारायचा राहिला: "तुम्हाला किती?" हा प्रश्न विचारणारं माणूस आधीच कामावरून गेलं होतं. १९५५ साली रे क्रॉक यांनी इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला मॅकडॉनल्ड्सची आपली पहिली शाखा काढली आणि ही पद्धत देशभर नेली. १९७४ साली बर्गर किंगनं आपल्याकडे हवं तसं करून मिळेल अशी जाहिरात चालवली, तेव्हा लोणचं आणि लेट्यूसचा पाला काढून देण्याचं आश्वासन हेच तिचं मोठं आकर्षण होतं. पंगतीत जे आपण गृहीत धरतो, ते जाहिरातीत छापावं लागत होतं.

पुडी आली १९६८ मध्ये. हाइन्झनंच आणली. नऊ ग्रॅम केचप, दोन्हीकडून चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यात. बाटली पुसायला नको, भरायला नको, चोरीची भीती नाही. १९७५ साली ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावात मॅकडॉनल्ड्सनं गाडीतून न उतरता खाणं घ्यायची पहिली खिडकी उघडली, कारण जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना कामाच्या गणवेशात गाडीतून उतरायची परवानगी नव्हती. खिडकी रुळली आणि पुडीचं महत्त्व वाढलं. टेबलावर बसणारा माणूस बाटली उचलू शकतो, गाडीतल्या माणसाला कागदी पिशवीत जे पडेल तेच. पिशवीत किती टाकायच्या हे आता वाढपी नव्हे, व्यवस्थापक ठरवू लागला, आणि तेही महिनाअखेरच्या हिशेबावरून.

त्याच काळात आतला मालही बदलत होता. अमेरिकेत साखरेच्या जागी मक्याचा स्वस्त पाक आला. केचप किती दाट असावं याचा अमेरिकेत सरकारी नियम आहे: ठरावीक तापमानाला तीस सेकंदांत ते चौदा सेंटिमीटरपेक्षा जास्त वाहता कामा नये. आपल्याकडेही 'टोमॅटो केचप' म्हणायचं तर विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के हवेत. पण घन पदार्थ म्हणजे टोमॅटोच असं नाही, साखरही त्यातच मोजली जाते. शिवाय बाटलीवर नुसतं 'सॉस' लिहिलं की तो टोमॅटोचा असल्याचा दावा उरत नाही. गाड्यांवर मिळणाऱ्या बऱ्याच लाल सॉसमध्ये लाल भोपळा, स्टार्च, रंग आणि ॲसिटिक ॲसिड असतं, हे आता गुपित नाही. भोपळ्याशी माझं भांडण नाही, भोपळ्याची चटणीही छान होते. पण ती भोपळ्याची म्हणून वाढायला हवी.

भारतात मॅकडॉनल्ड्सचं पहिलं दुकान १३ ऑक्टोबर १९९६ रोजी दिल्लीत वसंत विहारला उघडलं, पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. त्या दुकानांनी आणलेलं चांगलं मी विसरलेलो नाही. हात धुण्याची स्वच्छ जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची वेगळी ओळ, अंडं नसलेलं मेयोनीज. त्यांच्यासाठी थंड साठवणुकीची साखळी उभी राहिली. लेट्यूसची पानं तळेगावच्या शेतीतून, चीज बारामतीहून, टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातून. सॉस आले पंजाबातल्या फिल्लौरहून, 'क्रेमिका'कडून. लुधियानाच्या रजनी बेक्टर यांनी घरच्या घरी आइस्क्रीम करून विकण्यापासून हा उद्योग वाढवला होता. माल निवडून घेतलेला होता आणि तो नवा होता. वांद्र्याच्या त्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं होतं, "सॉस आणखी हवाय?" आणि मूठभर पुड्या ट्रेवर ठेवल्या होत्या. आम्ही उरलेल्या खिशात घालून घरी आणल्या. त्या वेळी पुडीसुद्धा वाढलेली वाटली, कारण वाढणारं माणूस होतं.

मुंबईला झटपट खाणं काही तेव्हा शिकायचं नव्हतं. मामा काणे यांनी १९१० साली दादरला उपाहारगृह काढलं, माटुंग्याचं कॅफे म्हैसूर १९३६ चं, कॅफे मद्रास १९४० चं. उडुपी हॉटेलात इडली-वडा मागवला की दोन-तीन मिनिटांत टेबलावर येतो, म्हणजे काळ-काम-वेगात ही हॉटेलं कुणाला हार जाणारी नाहीत. आणि तरी तिथे चटणी-सांबाराची बादली घेऊन फिरणारा माणूस होता. वाटी रिकामी दिसली की तो विचारायचा नाहीच, ओतायचा. गिरणगावातल्या कामगारांनी या चटणी-सांबारावर कित्येक दुपारी काढल्या. महामंदीतल्या न्यूयॉर्कच्या केचप-सुपाची भावंडंच ती.

वडापाव तर त्याहून वेगवान. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. पाव, बटाटा, मिरची, तिन्ही पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेले. पण त्यावर सत्ता चालते ती सुक्या चटणीची: लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. पाव मधोमध चिरायचा, ओली हिरवी चटणी एका बाजूला पुसायची, सुकी चटणी चिमटीनं दाबून बसवायची, वडा ठेवायचा. हे सगळं सात-आठ सेकंदांत होतं, आणि त्या सात-आठ सेकंदांत गाडीवाला विचारतो, "तिखट? गोड? मिरची देऊ?" लहान मूल बरोबर असेल तर न विचारताच सुकी चटणी कमी घालतो. मॅकडॉनल्ड बंधूंना वाटलं होतं की वेग हवा तर निवड काढून टाकावी लागेल. दादर स्टेशनाबाहेर रोज संध्याकाळी गर्दीच्या वेळी याचं उलट सिद्ध होत असतं. वेगासाठी प्रश्न काढून टाकायची गरज नव्हती. हाताला सराव हवा होता आणि तो हात त्याच गाडीवर दहा वर्षं टिकायला हवा होता.

ऱ्हास आपल्याकडेही आहे, तो झाकत नाही. ओल्या नारळाचा भाव चढला की हॉटेलच्या चटणीत डाळवं वाढतं. सकाळी आठला दाट असलेली चटणी अकराला पाण्यानं वाढलेली असते. कित्येक हॉटेलांत बादली गेली, वाट्या मोजून येतात, आणि भिंतीवर जादा चटणीचा दर लागला आहे. सुक्या चटणीतलं खोबरं कमी होऊन तळलेल्या बेसनाचा चुरा वाढला. चुऱ्याची चटणी ही आता स्वतंत्र चव झाली आहे, चांगलीही लागते, पण ती खोबऱ्याला पर्याय म्हणून आली हे जुनी माणसं सांगतात. फरक एवढाच की इथे तक्रार करायला समोर कुणीतरी असतं. "आज चटणी पातळ आहे" म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस मान वर करून बघतो. उद्या ती दाट होते.

२०२० साली करोना आला आणि उरलीसुरली डावी बाजूही पुडीत गेली. अमेरिकेतल्या दुकानांत केचपचे पंप होते, बाटल्या होत्या, लोणच्या-कांद्याच्या खुल्या मांडण्या होत्या. सगळं उचललं गेलं, आणि ते योग्यच होतं. सगळं खाणं घरपोच झालं. २०२१ च्या वसंतात तिथे पुड्यांचाच तुटवडा पडला. हाइन्झनं उत्पादन पाव पटीनं वाढवून वर्षाला सुमारे १२ अब्ज पुड्यांवर न्यायचं ठरवलं. साथ ओसरली, पण बाटल्या आणि पंप अनेक ठिकाणी परत आलेच नाहीत. साथीच्या नावाखाली झालेली बचत कायमची झाली. आपल्याकडेही टेबलावरच्या सॉसच्या बाटल्या, मिरपूड-ओरेगॅनोच्या बरण्या याच सुमारास दिसेनाशा झाल्या. त्याच जोडीला काउंटरवरची माणसं कमी होऊन ऑर्डर घेणारे उभे पडदे आले. पडद्यावर चीज वाढवायचं बटण असतं, कारण त्याचे पैसे येतात. "सॉस जरा जास्त द्या" याचं बटण बहुधा नसतं.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव भडकले, अनेक शहरांत किलोला दोनशे रुपयांवर गेले. तेव्हा मॅकडॉनल्ड्सच्या काही दुकानांत सूचना लागली की दर्जेदार टोमॅटो मिळत नसल्यानं तूर्त ते वाढता येत नाहीत. लोकांनी त्या सूचनेची छायाचित्रं एकमेकांना पाठवली. मला ती सूचना आवडली. वाईट टोमॅटो घालण्यापेक्षा नाही म्हणणं, तेही लिहून, भिंतीवर लावून, यात काहीतरी जुनं प्रामाणिकपण आहे. आईच्या बाटलीसारखं: पुरला नाही तर नाही. हाच न्याय सॉसला लावला जात नाही याचं दुःख आहे. सॉस कधीच 'आज नाही' म्हणत नाही. तो पातळ होतो, गोड होतो, आठाचा सहा ग्रॅम होऊ शकतो, आणि पुडी अपारदर्शक असल्यानं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

महामार्गावरच्या त्या मुलाकडे परत येतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. तो तिथे किती महिने टिकेल कुणास ठाऊक. त्याच्याआधीचा टिकला नसणार. पुड्यांची संख्या मोजून देणाऱ्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला नाही, मग गिऱ्हाइकाशी आपलेपणानं बोलायची अपेक्षा त्याच्याकडून कशी करायची? उडुपीतला बादलीवाला, दादरचा गाडीवाला, पंगतीतला वाढपी, यांना एक गोष्ट दिलेली होती: किती द्यायचं हे ठरवायची मुभा. तिच्याबरोबर चवीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुभा काढून घेतली तिथे जबाबदारीही गेली, आणि मग सॉस पातळ करणाऱ्याला अडवणारं कुणी उरलं नाही.

दुकानं चालवणाऱ्यांना माझं मागणं साधं आहे. पुडी ठेवा, घरपोचसाठी ती लागतेच. पण जिथे माणसं बसून खातात तिथे काउंटरच्या एका टोकाला झाकणाची स्वच्छ बाटली किंवा पंप ठेवा, आणि काउंटरवरच्या मुलाला चार पुड्या जास्त द्यायचा अधिकार द्या. वाचकांना एवढंच सांगतो: पुडीच्या मागे घटक छापलेले असतात, ते वाचा. सर्वाधिक प्रमाणाचा घटक आधी लिहिलेला असतो, तिथे टोमॅटो आहे की पाणी-साखर ते बघा. सॉस पातळ लागला, चटणी शिळी लागली, तर घरी येऊन चार तारे कमी देण्याऐवजी तिथेच, त्या वेळी, समोरच्या माणसाला शांतपणे सांगा. आणि चटणी चांगली झाली असेल तर पैसे देताना तेही सांगून या.